परदेशातल्या जेलमध्ये सेवेला निघालात? आधी सात रस्त्याला जाऊन या

रविवारची उपासना संपली की अंगणात चहा घेताना कोणीतरी तरुण पोरगा हमखास गाठतो, भाऊ तुम्ही ते आफ्रिकेत जेलमध्ये जाता ना, पुढच्या टायमाला आम्हाला पण न्या. मी विचारतो, इथे मुंबईत सात रस्त्याला आर्थर रोड जेल आहे, तिथे गेलायस कधी? म्हणतो नाय. राहतो कुठे, तर चिंचपोकळीला, गच्चीवरून जेलची भिंत दिसते. आता बोला.

तर हा लेख अशा पोरांसाठी, आणि पोरींसाठीही, कारण आमच्या टीममध्ये सगळ्यात खमक्या दोघी बायाच आहेत. मी पाळक नाही, बायबल कॉलेजही केलेलं नाही, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करतो आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तबला वाजवतो एवढीच माझी ओळख. पण केनियाला तीनदा आणि फिलिपाइन्सला एकदा मंडळीच्या टीमबरोबर जाऊन आलोय, आणि त्या चार वाऱ्यांत चुका इतक्या केल्यात की त्यातल्या निम्म्या जरी तुमच्या वाचल्या तरी लिहिल्याचं चीज झालं.

एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मत्तय २५:३६ आपण सगळे घोकतो, पण नीट वाचा, तिथे प्रभू म्हणतो की मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात. आलात, एवढंच. येऊन तासभर उपदेश ठोकलात असं काही तिथे लिहिलेलं नाही. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची बाई १८१३ साली लंडनच्या न्यूगेट जेलमध्ये पहिल्यांदा गेली तेव्हा बायकांच्या बराकीत उघडी नागडी पोरं थंडीत कुडकुडताना बघून तिने आधी नेले ते कपडे. शाळा, शिवणकाम, बायबलवाचन हे सगळं पुढच्या तीनचार वर्षांत हळूहळू आलं.

पहिली पायरी : एक वर्ष इथेच

आमच्या टीमचा नियम आहे, इथल्या जेलच्या सेवेत एक वर्ष काढल्याशिवाय परदेशाचं नाव काढायचं नाही. लोक नाराज होतात, होऊ देत.

इथे सुरुवात करायची म्हणजे थेट गेटवर जाऊन मला प्रार्थना घ्यायचीय असं सांगायचं नसतं, कोणी आत घेणार नाही आणि घेऊही नये. ज्यांची आधीपासून परमिशन आहे अशा ग्रुपला जोडून घ्या. कॅथलिक असाल तर १९८१ साली केरळात सुरू झालेली प्रिझन मिनिस्ट्री इंडिया आहे, तिचं काम देशभर चालतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे आपापले छोटे ग्रुप असतात, पाळकसाहेबांना विचारलं की कोणीतरी निघतंच. नवीन ग्रुपची परमिशन काढायची तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, येणाऱ्यांची नावं, आधार कार्डाच्या कॉप्या, नेमकं काय करणार त्याचा कार्यक्रम, हे सगळं जेलच्या सुपरिंटेंडंटकडे आणि तिथून पुढे पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जातं. वेळ लागतो. मध्ये साहेबांची बदली झाली की कधीकधी पुन्हा श्रीगणेशा (आमच्या पाळकबाईपण असंच म्हणतात, हसू नका).

परमिशन येईपर्यंत काय, तर गेटच्या बाहेर उभे राहा. खरंच सांगतोय, निम्मी सेवा तिथेच आहे. मुलाकातीच्या दिवशी सकाळपासून बाया पोरांना घेऊन रांगेत असतात, हातात कपड्यांची पिशवी, कोणाला फॉर्म भरता येत नाही, कोणाचं ओळखपत्र चालत नाही, कोणी साताऱ्याहून रात्रभर एसटीने आलेली म्हातारी. तिला पाणी द्या, फॉर्म भरून द्या, पोराला सांभाळा. देशातल्या जेलांमध्ये चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून चालूच आहे, तेव्हा यातल्या बहुतेक बायकांना तारीख, जामीन, वकील यातलंच काहीतरी विचारायचं असतं. ते आपल्याला येत नाही हे कबूल करायचं आणि माहीतगार माणसाकडे पाठवायचं. टाटा इन्स्टिट्यूटचा प्रयास प्रकल्प १९९० पासून मुंबईत हेच काम करतोय आणि आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं करतोय. आपण त्यात आपलं तोंड घालू नये.

आणि संध्याकाळी सुटणारे. जामिनाचे कागद पोचायला उशीर झाला की माणूस बाहेर येतो ते अंधार पडल्यावर, खिशात गाडीभाडं नाही, घरच्यांना माहीत नाही आज सुटतोय, मग सात रस्त्याच्या नाक्यावर नुसता उभा राहतो. एकदा एका पोराला मी फक्त वडापाव आणि टिटवाळ्याचं तिकीट काढून दिलं, तो चार वर्षांनी लग्नाची पत्रिका घेऊन आमच्या चर्चवर आला. त्याला मी एकही वचन ऐकवलं नव्हतं.

हे वर्षभर का करायचं, तर तुम्हाला स्वतःला कळतं की आपण यात टिकतो का. ठरलेला कार्यक्रम पाहणी आली म्हणून रद्द होतो, दोन तास उन्हात उभं राहून परत यायला लागतं, असं तीनदा झालं की निम्मे गळतात. इथे गळालेले बरे, साडेचार हजार किलोमीटरवर जाऊन गळालेला माणूस टीमला जड होतो.

दुसरी पायरी : देश निवडण्याआधी कायदा वाचा

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. कोणाचा तरी मामेभाऊ दुबईला असतो, तो म्हणतो या, मी आहे ना. मामेभाऊ चांगलाच आहे, पण कायदा त्याच्या हातात नाही. अमिरातीत चर्च आहेत, हजारो लोक उपासनेला जातात, त्याला कोणाची हरकत नाही, पण मुसलमानांमध्ये धर्मप्रसार करणं तिथे गुन्हा आहे आणि जेलमध्ये तर विचारूच नका. नेपाळ शेजारी आहे, पासपोर्ट लागत नाही, भाषाही थोडी कळते म्हणून खूप जणांना सोपं वाटतं. तिथे २०१५ च्या घटनेनेच दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घातलीय आणि २०१७ च्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. म्हणजे जेलसेवेला जाऊन जेलमध्येच राहाल. काहींना यात हौतात्म्य दिसतं. मला त्यात मागे राहिलेल्या तिथल्या छोट्या मंडळीचे हाल दिसतात, कारण आपण विमानात बसतो आणि पोलीस जातात त्यांच्या दारात.

केनिया, युगांडा, फिलिपाइन्स, ब्राझील इथे जेलमध्ये ख्रिस्ती सेवा वर्षानुवर्षं उघडपणे, सरकारच्या परवानगीने चालते. केनियाच्या जेल खात्यात तर पगारी चॅप्लेन, म्हणजे जेलचेच पाळक, असतात, युनिफॉर्ममध्ये. ब्राझीलमध्ये १९७२ पासून अपाक नावाचा प्रयोग चालू आहे, तिथे शिक्षा झालेले कैदीच किल्ल्या सांभाळतात, हत्यारी गार्ड नसतात. अमेरिकेत लुइझियानाच्या अंगोला जेलमध्ये १९९५ पासून बायबल कॉलेज आहे आणि तिथून शिकलेले जन्मठेपेचे कैदीच बाकीच्या कैद्यांची पाळकी करतात. आता सांगा, अशा ठिकाणी मुंबईहून जाऊन आपण त्यांना काय शिकवणार? खूपदा आपण शिकायलाच जातो, आणि तसं कबूल करून गेलं की तिकडचे लोक पण मोकळे होतात.

जगभराचं एक माप सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे सुधारित नियम मंजूर केले, त्यांना मंडेला नियम म्हणतात. त्यातला ६५ वा नियम म्हणतो की कुठल्याही कैद्याला कुठल्याही धर्माच्या प्रतिनिधीला भेटायची मनाई करू नये, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की कैद्याला भेट नको असेल तर त्याच्या मताचा पूर्ण मान ठेवावा. हा दुसरा भाग पाठच करा. जेलमधला माणूस उठून जाऊ शकत नाही. रस्त्यावर तुमचा संदेश आवडला नाही तर माणूस चालायला लागतो, इथे शिपायाने रांगेत बसवलंय म्हणून तो बसलाय. म्हणून आम्ही आधीच चॅप्लेनला सांगतो, ज्याला यायचं तोच येऊ दे, हजेरी लावू नका. साबण, टूथपेस्ट जे काही नेलं असेल ते सगळ्या बराकीला, आलेल्यालाही आणि न आलेल्यालाही, आणि ते कार्यक्रमाच्या आधीच अधिकाऱ्यांच्या ताब्यात. साबणासाठी हात वर करून प्रभूला स्वीकारणारा माणूस मी पाहिलाय, त्यात त्याची चूक काय?

तिसरी पायरी : कागदं

हे कंटाळवाणं आहे, पटकन उरकतो. तिथल्या मंडळीचं किंवा चॅप्लेनचं निमंत्रणपत्र, त्यात जेल खात्याच्या परवानगीचा उल्लेख पाहिजे. व्हिसा कुठला लागतो ते त्या देशाच्या दूतावासाला लेखी विचारा, टुरिस्ट म्हणून घुसून प्रचार करायचा हा शहाणपणा करू नका. खोटं बोलून सुवार्ता सांगायला जायचं हे मला तरी पटत नाही. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. जेलवाले बहुतेक ठिकाणी पोलीस क्लिअरन्स मागतात, ते पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. सरकारी नोकरी असेल तर परदेशी जायला ऑफिसची एनओसी लागते, दोन महिने आधी अर्ज टाका. बाहेरची मंडळी तुमच्या नावाने पैसे पाठवणार असेल तर आधी सीएला विचारा, परदेशी देणगीचा एफसीआरए कायदा कडक आहे. आम्ही तर खर्च आपला आपणच करतो, भिशी लावून.

केनिया युगांडाला यलो फीव्हरची लस घ्यावी लागते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, मुंबईत सहार एअरपोर्टच्या सरकारी केंद्रात वगैरे देतात, अपॉइंटमेंट घ्या कारण रोज ठरावीकच लोकांना देतात. पिवळं कार्ड पासपोर्टला रबराने बांधून ठेवा, ते आता आयुष्यभर चालतं. ते कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवतात, आमच्यातल्या एकाने ते चेक इनच्या बॅगेत टाकलं होतं, काय फजिती झाली ते त्यालाच विचारा.

चौथी पायरी : संदेशाची तयारी, आणि माझी फजिती

टीम चार ते सहा जणांची, त्यापेक्षा मोठी नेली तर जेलवाल्यांच्या डोक्याला ताप. एक बोलणारा, दोघं गाणारे, एक जण फक्त वेळेकडे आणि नियमांकडे बघणारा. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो व्हायला कोणी तयार नसतो.

बोलायला मिळतात वीस मिनिटं. दुभाषी असेल तर त्यातली दहा त्याची. म्हणजे तुमच्या हातात दहा मिनिटं, त्यात चर्चमधली ती लांबलचक प्रस्तावना बसत नाही. वाक्य छोटं, एक वाक्य बोला आणि थांबा, दुभाष्याला श्वास घेऊ द्या. आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून पूर्ण संदेश वाचा, तो सांगेल कुठलं उदाहरण चालणार नाही. मी पहिल्यांदा लोकलमधल्या चौथ्या सीटचं उदाहरण दिलं होतं, प्रेम म्हणजे सरकून जागा देणं वगैरे. दुभाषी माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. दुसऱ्या वेळेला त्याच जागी मटाटू टाकली, म्हणजे तिकडची शेअर व्हॅन, चौदा जणांच्या जागेत वीस कोंबलेले, अख्खी बराक हसली.

ते ठीक होतं. खरी चूक वेगळी. जेलमध्ये जायचं म्हटल्यावर प्रत्येक नवख्याला प्रेषितांची कृत्ये अध्याय १६ आठवतो, पौल आणि सीला तुरुंगात गाताहेत, भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळून पडतात. मीही तेच घेतलं, आणि आवाज चढवून दारं उघडली दारं उघडली असं तीनदा म्हणालो. पुढे बसलेल्या चारशे माणसांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली, मागे उभे असलेले शिपाई सरळ झाले, आणि दुभाष्याने माझं तिसरं दारं उघडली भाषांतरच केलं नाही. नंतर चॅप्लेनने चहाला बसवून शांतपणे विचारलं, बंधू, त्या गोष्टीत दारं उघडल्यावर कैदी पळाले का? नाही पळाले. तुरुंगाचा अधिकारी घाबरून जीव द्यायला निघाला तेव्हा पौलाने ओरडून सांगितलं, आम्ही सगळे इथेच आहोत. आणि मग त्याच अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या. ती गोष्ट तुरुंगाधिकाऱ्याची पण आहे, आणि मी अर्धीच सांगितली होती. आता मी ती सांगितली तर जखमा धुण्यापासून सुरू करतो, आणि शिपाईसुद्धा ऐकतात.

उधळ्या पुत्राची गोष्टही जपून, घर सोडून गेलेला पोरगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो ती. आपल्याला ती गोड वाटते, पण समोरच्या कित्येकांच्या बापाने सहा वर्षांत तोंड दाखवलेलं नसतं. ते मनात म्हणतात, कुठला बाप धावत येतो? सांगा, पण त्यांच्या बापाबद्दल काही गृहीत धरू नका. मला विचाराल तर फिलेमोनाचं पत्र घ्या. एका पानाचं आहे, पौलाने स्वतः कैदेत असताना लिहिलंय, फिलेमोनाकडून पळून आलेल्या ओनेसिमस या गुलामाची बाजू घेतलीय आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड म्हणतो. कैद्याने दुसऱ्यासाठी शब्द टाकलाय हे त्यांना लगेच भिडतं. ते पत्र वाचल्यावर एकदा मागच्या रांगेतल्या माणसाने विचारलं होतं, मग फिलेमोनाने काय केलं, त्याला परत घेतलं का? बायबलमध्ये ते लिहिलेलं नाही. मी तसंच सांगितलं. तो म्हणाला, माझ्या भावाचंही उत्तर अजून आलेलं नाही.

साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते, द्यायची तर स्वतःची द्या आणि वाढवून चढवून देऊ नका. मी किती मोठा पापी होतो याची स्पर्धा जेलमध्ये लावू नये, समोरचे आपल्याला सहज हरवतील. वॉटरगेट प्रकरणात आत गेलेला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निक्सनचा माणूस चार्ल्स कोलसन सात महिने कैदेत काढून बाहेर आला आणि १९७६ साली त्याने प्रिझन फेलोशिप ही जेलसेवेची संस्था सुरू केली, त्याला तो अधिकार होता. मी तबलजी आहे. मी सांगतो की माझा दारूडा भाऊ गेला आणि मी त्याला शेवटचं भेटायला गेलो नाही. तेवढं पुरतं.

पाचवी पायरी : गेट ते गेट

मोबाइल, स्मार्टवॉच, पेन ड्राइव्ह, पाकीट, औषधं, लायटर, सगळं हॉटेलवर. पासपोर्ट आणि निमंत्रणपत्राची कॉपी फक्त. बांगड्या, मंगळसूत्र शक्यतो नको. बायबल नेणार असाल तर साधं पुठ्ठ्याचं, चेनवालं कव्हर काढून. कपडे साधे, पण तिथल्या युनिफॉर्मशी जुळणारे नकोत, केनियात शिक्षा झालेल्यांचे कपडे काळे पांढरे पट्ट्यापट्ट्यांचे असायचे आणि आमच्यातला एक हुशार नेमका तसलाच टीशर्ट घालून आला होता. झडतीला कटकट करू नका. मी झांजा नेल्या होत्या, शिपायाने त्या वाजवून बघितल्या, मग दुसऱ्या शिपायाने, मग साहेबांनी, पंधरा मिनिटं तिथेच भजन.

आत गेल्यावर आधी अधिकाऱ्यांना सलाम. मग लोकांना त्यांच्या भाषेत एक वाक्य, केनियात ब्वाना असिफिवे म्हणजे प्रभूची स्तुती असो, एवढं म्हटलं तरी छत उडेल अशी आमेन येते. आपण भारतीय तिकडे मुहिंदी, आणि मुहिंदी म्हणजे दुकानदार असा समज असतो, त्यामुळे मुहिंदी इथे गायला आलाय याचंच त्यांना नवल. मराठी भजन बिनधास्त म्हणा. अर्थ कळत नाही पण ठेका कळतो, दुसऱ्या कडव्याला टाळ्या सुरू होतात आणि मग ते आपलं गाणं म्हणतात तेव्हा आपण गप्प बसून ऐकायचं असतं, तबला ठेवून.

फिलिपाइन्सच्या बराकींमध्ये कैद्यांचाच एक म्होरक्या असतो, त्याला मेयोर म्हणतात. त्याला डावलून काही करू नका, पण त्याचे लाडही नकोत, आणि काहीही वाटायचं ते चॅप्लेनच्या हातूनच.

बोलताना काय केलंस हे विचारायचं नाही. कधीच नाही. नाव विचारा, गाव विचारा, आई आहे का विचारा. तो स्वतःहून सांगायला लागला तर ऐका, पण मान डोलावून निर्दोष ठरवू नका आणि चेहरा वाकडा करून दोषीही. कोणी चिठ्ठी देईल, नंबर देईल, फक्त बायकोला एक मेसेज करा म्हणेल, डोळ्यात पाणी असेल. घ्यायची नाही. त्या चिठ्ठीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि ती सापडली तर तुमच्यानंतर दहा वर्षं तिथे कोणत्याच मंडळीला प्रवेश मिळणार नाही. चॅप्लेनला सांग, तो करेल, हे उत्तर पाठ करा. बायकांच्या विभागात बायांनीच जायचं आणि दोघी मिळून.

आता सगळ्यात अवघड. निघताना ते विचारतात, परत कधी येणार? आपल्या तोंडातून निघून जातं, पुढच्या वर्षी नक्की. मी २०१९ च्या नोव्हेंबरात हे म्हणालो, एका म्हाताऱ्याला, ज्याची फाशी नंतर जन्मठेपेत बदलली होती. २०२० मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीय. मी परत गेलो ते थेट २०२३ ला, आणि चॅप्लेन म्हणाला की तो नोव्हेंबरभर प्रत्येक रविवारी पुढच्या बाकावर बसायचा, मुहिंदी आले का विचारायचा, पुढच्या वर्षीही तसंच. आता तो दुसऱ्या जेलमध्ये आहे. मला तिकडची परमिशन मिळाली नाही. तुमच्या माझ्यासाठी एक वर्ष म्हणजे कॅलेंडर बदलणं, त्याच्याकडे मोजायला दुसरं काही नव्हतंच.

त्यामुळे आता उत्तर एकच, माहीत नाही, पण तुझं नाव लिहून घेतलंय, दर बुधवारी प्रार्थनेत घेऊ. आणि मग खरंच घ्यायचं. आमच्या बुधवारच्या सभेत वही असते, त्यात एकतीस नावं आहेत, स्पेलिंग चुकलेली.

तिथे कोणी भारतीय भेटला तर

भेटतो. एकदा तरी भेटतोच. परदेशातल्या जेलांमध्ये दहा हजारांच्या आसपास भारतीय आहेत, सगळ्यात जास्त आखाती देशांत, त्यात ड्रायव्हर, बोटीवरचे खलाशी, कोणाची तरी बॅग घेऊन जा म्हणून फसवलेली पोरं. मराठी ऐकल्यावर माणूस कसा रडतो ते मी सांगत नाही. तिथे भावनेच्या भरात काही कबूल करू नका. १९६३ च्या व्हिएन्ना करारात कलम ३६ आहे, परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्क करायचा हक्क आहे आणि तसं त्याला सांगणं तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे. खूप जणांना हे माहीतच नसतं. त्याला एवढंच विचारा, वकिलातीला कळवलंय का? नसेल तर चॅप्लेनमार्फत कळवा. घरच्यांचा पत्ता चॅप्लेनने अधिकृतपणे दिला तर इथे आल्यावर त्यांना जाऊन भेटा आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकायला शिकवा. शिक्षा पक्की झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा भारतात भोगता येते, त्यासाठी २००३ चा कायदा आहे, पण त्या देशाशी करार पाहिजे आणि फाइल वर्षानुवर्षं चालते. लवकर होईल असं त्याच्या आईला म्हणू नका.

परत आल्यावर

साक्षीच्या रविवारी लोकांना आकडे हवे असतात. किती जणांनी हात वर केले, किती बाप्तिस्मे. आम्ही आकडे सांगणं बंद केलंय, थोडी कुरकुर होते, देणगीही थोडी कमी येते. कैद्यांची नावं, गुन्हे, फोटो काहीही दाखवायचं नाही. व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नाही, त्याच्या गुन्ह्यात ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याकडेही मोबाइल आहे. ही बाजू आपण विसरतो.

पहिले आठ दहा दिवस झोप नीट लागत नाही, दार बंद झाल्याचा आवाज आला की दचकायला होतं, घरच्यांना आधी सांगून ठेवा. टीमने आठवड्याभरात एकदा एकत्र बसून मनात काय काय आहे ते बोलून घ्यावं, प्रार्थनेच्या नावाखाली गुंडाळू नये. आणि खोकला. गर्दीच्या जेलात टीबी बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर महापालिकेच्या कुठल्याही दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होतं, आणि डॉक्टरांना जेलमध्ये गेलो होतो हे स्पष्ट सांगा. आमच्या एका ताईंनी लाजेखातर सांगितलं नाही, तीन महिने कफ सिरप पीत बसल्या.

आर्थर रोडच्या बाहेर आम्ही शनिवारी सकाळी साडेआठला असतो. पाण्याचा कॅन उचलायला दोन माणसं कमी आहेत.